हा गरीब कोणत्या गावचा?

कोणी निराधार मनुष्य दारी आला म्हणजे त्यास आपला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, “तू कोणत्या गावचा?” प्रश्न साधा दिसतो, परंतु सरकारदरबारी त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून वाचकांनी त्याचा अंमळ विचार करावा असे आम्हांस वाटते.

जामसंडे येथे पूर्वी ग्रामपंचायत होती. आता देवगडासह तेथे नगरपंचायत आहे. आंब्याच्या बागा त्याच, खाडी तीच, मजूरही तेच. बदलला तो कागद. सन २००५ च्या केंद्राच्या कायद्याने वर्षास १०० दिवस कामाची हमी दिली ती ग्रामीण कुटुंबांस. घरकुलाची योजनाही ग्रामीण निराळी व नागरी निराळी. सन १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय नेमले, त्यांत दारिद्र्यनिवारण आहे. आणि नगरपालिकांसाठी १८ विषय नेमले, त्यांत शहरी दारिद्र्यनिवारण आहे. याप्रमाणे दारिद्र्याच्या दोन वह्या झाल्या.

परंतु कोकणातील दारिद्र्य दोन वह्यांत मावत नाही. मुलगा गिरणगावच्या चाळीत, आईबाप देवगडाकडील वाडीत, आणि मध्ये मनीऑर्डर, असेच कित्येक पिढ्या चालले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला व सुमारे अडीच लक्ष कामगारांची मजुरी थांबली, तेव्हा त्याची झळ चाळीस लागली तशीच वाडीसही लागली. चाळीकडे पाहणारी महानगरपालिका निराळी, वाडीकडे पाहणारी पंचायत निराळी; त्या सबंध कुटुंबाकडे पाहणारे कोण? पुढे २०२० च्या मे महिन्यात चाकरमानी साथीच्या भयाने गावी परतू लागले, तेव्हा कित्येक गावांनी त्यांस शाळेत उतरवून त्यांची सोय केली; कोठे कोठे मात्र “येऊ नका” असाही सूर निघाला. भय खोटे नव्हते. तथापि ज्याच्या मनीऑर्डरीवर छपराची कौले चढली, तो एका रात्रीत परगावचा कसा झाला, हे विचारण्याजोगे आहे.

पंचायतीस दोष देणे सोपे आहे. आम्ही तो सगळा देत नाही. तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार घरपट्टी. जेथे घरे लहान व मोडकी तेथे पट्टी थोडी. म्हणजे जेथे गरज मोठी तेथेच पेटी हलकी. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावे असा नियम आहे, व तो चांगला आहे. पण मुळात थोड्याचे १५ टक्के ते किती होणार? अशा स्थितीत नवा गरीब आला की तो ओझेच वाटतो.

हा मोह जुना आहे. इंग्लंडात गरिबांचा भार तेथील चर्चच्या हद्दीहद्दीवर असे. १६६२ च्या कायद्याने परक्या हद्दीतून आलेल्या व पुढे भार होईल अशा गरिबास त्याच्या मूळ हद्दीत परत पाठविण्याचा अधिकार मिळाला. मूल आपल्या हद्दीत जन्मल्यास ते आपल्या माथी बसेल, म्हणून अविवाहित गर्भवती स्त्रियांस दिवस भरण्यापूर्वी हद्दीबाहेर घालविल्याची उदाहरणे आहेत. हे करणारे लोक रविवारी उपासनेस बसत. ते विशेष दुष्ट होते असे नव्हे. त्यांच्यापुढे हिशेबाची वही होती आणि पट्टी भरणारे शेजारी होते.

तेव्हा उपाय हद्द रुंद करण्यात आहे. जेथे गरिबी साचली आहे तेथे पैसा वरून, म्हणजे सुखवस्तू भागांच्या करांतून, यावा. आणि मनुष्य जाईल तेथे त्याचा हक्कही जावा. रेशनकार्डाच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी झाले आहे: एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू शकते. काही वर्षांपूर्वी हे अशक्य म्हणत असत.

देवगड तालुक्यातील हापूसच्या बागांत राखणीस नेपाळातून आलेली माणसे असतात. कित्येक बायकामुलांसह बागेतील खोपटात राहतात. रेशनकार्डाची ही सोय त्यांस नाही, पंचायतीच्या निवडणुकीत मत नाही, गरिबांच्या यादीत नाव नाही. आंबा मात्र ते राखतात, आणि पेटीवर नाव देवगडचे असते.