बेथेस्दाच्या काठावर

शास्त्रपाठ : योहान ५:१-१६



गेल्या उन्हाळ्यात बोरगाव येथे एका कुटुंबात संध्याकाळच्या प्रार्थनेस जाण्याचा प्रसंग आला. बोरगाव हे निपाणीच्या बाजूचे, बेळगाव जिल्ह्यातील सीमेवरचे गाव. कचेरीतला कारभार कानडीत, घरातले बोलणे मराठीत आणि बाजारात दोन्ही भाषा. या सगळ्या पट्ट्यात एके काळी तंबाखूचेच राज्य होते. आता उसाने पुष्कळ जागा घेतली आहे, तरी विड्या वळणारे हात अजून घरोघर दिसतात.

प्रार्थना चालू असता शेजारची एक बाई उंबऱ्याशी येऊन बसली. ती आपल्या मंडळीतली नव्हे. डोक्यावरचा पदर नीट होता, परंतु पदराखाली काही जड असावे अशी तिची मान एका अंगाला कललेली होती. चहाच्या वेळी पदर सरकला, तेव्हा दिसले की केसांची जट होऊन ती खांद्याखाली आली आहे. घरच्या भगिनीने सांगितले, सहा वर्षे झाली. रात्री कुशीवर निजता येत नाही, मानेचे दुखणे कायमचे, उवांमुळे डोक्यात जखमा. आम्ही विचारले, "मग काढून का टाकत नाही?" त्यावर तीच म्हणाली, "साहेब, आईची जट हाय. काढली आन् घरात कोण दगावलं, तर?"

सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणाऱ्या या भागात जट म्हणजे देवीचे बोलावणे, अशी समजूत फार जुनी आहे. जट आली की कंगवा बंद, तेल बंद. हळदकुंकू मात्र लावावयाचे. पूर्वी अशा कित्येक मुलींना देवीला सोडले जाई. लग्न नाही, परडी हाती घेऊन जोगवा मागावयाचा, आणि पुढे काय होई ते सर्वांस ठाऊक आहे. १९७० नंतरच्या दशकात गडहिंग्लज-निपाणी भागात याविरुद्ध चळवळ उभी राहिली. कर्नाटकात मुली देवाला सोडण्यास बंदी करणारा १९८२ चा कायदा आहे. महाराष्ट्राने तसा कायदा २००५ साली केला. तरी जट राहिली, कारण कायदा डोक्यातल्या भीतीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

जट कशी होते यात गूढ काही नाही. रोज पन्नास-शंभर केस आपोआप गळतात. विंचरले तर ते कंगव्यात येतात, न विंचरले तर तिथेच अडकतात. घाम, धूळ, तेलाचा चिकटा यांनी ते एकमेकांत घट्ट बसतात. धनगर लोकर दाबून जेन बनवितात, तसाच हा प्रकार. पहिली गुंतवळ दिसली की ती देवीची मानून विंचरणे थांबवावयाचे. थांबविले की ती वाढावयाची. आणि वाढली की देवीचीच ठरावयाची! जट काढल्यावर वर्षा-दोन वर्षांत घरात कोणी वारले, तर पुरावा मिळाला. ज्या घरात जट कधी नव्हती त्या घरातून अंत्ययात्रा निघत नाहीत काय? पण भ्यालेला माणूस असा हिशेब मांडीत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आणावी. शंभर-सव्वाशे वर्षांमागे महाराष्ट्रातील वरच्या म्हणविणाऱ्या जातींत विधवेने केस राखणे पाप मानीत व न्हाव्याला बोलावून तिचे डोके भादरीत. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, हे काम करणार नाही असे ठरविले. त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडून विधवांना आसरा व शिक्षण दिले होते. एकीकडे केस राखले तर पाप, दुसरीकडे केस काढले तर कोप. भोगणारी मात्र दोन्हीकडे बाईच.

हे सर्व आम्ही त्या बाईला आपल्या परीने समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "तुमच्यात असलं काय न्हाई व्हय?"

आम्ही चटकन "नाही" म्हणालो. घरच्या भगिनीने आमच्याकडे एकदा पाहिले आणि कप उचलून ती आत गेली. त्या रात्री मुक्कामी आम्हांस झोप आली नाही.

योहानाच्या पाचव्या अध्यायातील तो मनुष्य घ्या. यरुशलेमेत मेंढरे दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचे तळे. त्याला पाच पडव्या. (पाच पडव्यांची ही गोष्ट काल्पनिक असावी असे काही पंडित म्हणत. पुढे उत्खननात जोड तळे व मधली भिंत सापडली, तेव्हा चार बाजूंच्या चार व मधली एक असा हिशेब लागला.) तिथे आजारी लोक पाण्याकडे डोळे लावून पडलेले असत. पाणी हालले की जो पहिला उतरेल तो बरा होईल, ही समजूत. आपल्या पवित्र शास्त्रात तिसऱ्या-चौथ्या वचनांत देवदूत येऊन पाणी हालवी असे वाक्य आढळते. परंतु सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते नाही, म्हणून नव्या भाषांतरांत ते कंसात किंवा तळटीपेत घालतात. म्हणजे लोक जे धरून पडले होते, ती लोकांची समजूत होती. योहानाने तिला दुजोरा दिलेला नाही.

हा मनुष्य अडतीस वर्षे आजारी होता. प्रभू त्याच्यापाशी येऊन विचारतो, तुला बरे व्हावयाचे आहे काय? आम्ही लहानपणी शब्बाथ शाळेत हा पाठ शिकलो तेव्हा हा प्रश्न वेडगळ वाटला होता. आजाऱ्याला हे काय विचारावयाचे? पण उत्तर पाहा. तो होय म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मला तळ्यात सोडणारा कोणी नाही, मी जाईतो दुसराच उतरतो, असे तो सांगतो. विचारली होती त्याची इच्छा. त्याने सांगितला तळ्याचा नियम. इतकी वर्षे त्या नियमाशी झुंजता झुंजता आपल्याला काय हवे हे बोलण्याची त्याची सवयच गेली असावी. बोरगावच्या त्या बाईनेही "मला नको" किंवा "मला हवी" असे म्हटले नव्हते. "आईची हाय" एवढेच म्हटले.

प्रभू त्याच्याशी तळ्याविषयी वाद घालीत नाही, त्याला उचलून पाण्यातही नेत नाही. ऊठ, अंथरूण उचल आणि चालू लाग, असे सांगतो. आणि बरे होणे स्वस्त नव्हते. उठल्यावर भिक्षा बंद, काम शोधणे आले. जट असलेल्या बाईलाही लोक 'आई' म्हणून वाकतात, सणावारी पसाभर जोंधळे देतात. जट गेली की ती पुन्हा साधी गरीब बाई. म्हणून कात्री घेऊन धावणाऱ्यांनी आधी थोडे थांबावे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांच्या जटा काढल्या आहेत. बाईची संमती घ्यावयाची, घरच्यांशी बोलावयाचे, मगच कात्री लावावयाची, अशी त्यांची रीत आहे. त्यांचे काम धर्माच्या नावाने चालत नाही, पण आधी विचारण्याची ही रीत आपण त्यांच्याकडून घ्यावी.

आता आमच्या त्या "नाही" विषयी.

आपल्यात जट नाही हे खरे. परंतु उशाखाली पवित्र शास्त्र ठेवले म्हणजे वाईट स्वप्न पडत नाही, असे मानणारी घरे आपल्यात नाहीत काय? डोळे मिटून पान उघडावे व बोट पडेल त्या वचनावरून मुलीचे स्थळ ठरवावे, हेही आम्ही पाहिले आहे. आजार आला की कोणाचे पाप, अशी कुजबुज मंडळीतच होते. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी प्रभूने तो प्रश्नच खोडून काढला, तरी होते. मुलीची शाळा दहावीनंतर बंद केली की "प्रभूची इच्छा". फार हसले तर पुढे रडावे लागते, असे म्हणणाऱ्या आज्या तर घरोघर आहेत.

पण या साऱ्यांहून एक समजूत आम्हांस अधिक टोचते, कारण ती आम्ही स्वतः सांगितली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मंडळीत असता, एक तरुण भगिनी उपासनेनंतर मागे थांबली. मनगट सुजलेले होते. नवरा पितो व मारतो, माहेरी भाऊ ठेवून घेण्यास तयार आहे, जाऊ काय, असे तिने विचारले. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणालो, "बाई, हा तुझा क्रूस आहे. वाहा. प्रभू बळ देईल." ती परत गेली. पुढे तिच्या एका कानाचे ऐकणे गेले, ते कशाने हे आम्हांस सांगावे लागले नाही.

लूकच्या नवव्या अध्यायात क्रूस उचलण्याची जी गोष्ट आहे, ती ज्याने त्याने आपला आपण, प्रभूच्या मागे जाण्यासाठी उचलण्याची आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून त्याला चालावयास लावा, असे तिथे नाही. उलट मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देणाऱ्या व स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांची प्रभूने कडक कानउघाडणी केली आहे. तो अध्याय आम्ही अनेकदा वाचला होता, त्यावर उपदेशही केले होते. त्या दिवशी मात्र तिला हवे ते उत्तर न देता आम्ही तिला तळ्याचा नियम सांगितला. तिला माहेरी जावयाचे होते, एवढे तिच्या प्रश्नातच उघड होते.

हे वाचणाऱ्या पाळकांस व वडिलांस विनंती आहे. अशी भगिनी आली तर प्रार्थना जरूर करावी, परंतु ती राहणार कोठे हेही त्याच वेळी विचारावे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तिच्याबरोबर त्यांच्याकडे जावे. दाखल्यासाठी डॉक्टरांकडे न्यावे. मंडळीतील कोणी म्हणेल की पाळक घरे मोडतो. त्या अडतीस वर्षांच्या रोग्यालाही, उठून चालू लागताच, शब्बाथ दिवशी अंथरूण का उचललेस असेच विचारणारे भेटले होते. तो चालतो आहे याचा आनंद त्यांपैकी कोणी केल्याचे लिहिलेले नाही.

बोरगावला पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन आलो. बाईची जट अजून आहे. घरच्या भगिनीने मात्र तिला सरकारी दवाखान्यात नेऊन डोक्यातील जखमांवर औषध लावून आणले, आणि आता दर आठवड्याला त्या दोघी उन्हात बसून कडेचे सुटे केस विंचरतात. आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर बदलले. "आमच्यातही आहे, बाई," म्हटले, आणि काय आहे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला जाऊन सांगितलंसा का?"

सांगितले नव्हते. त्या भगिनीचा सध्याचा पत्ता मिळवून गेल्या महिन्यात आम्ही तिला पत्र लिहिले, क्षमा मागितली. उत्तर अजून आलेले नाही.