हरल्यानंतरचा अर्धा तास

क्रिकेट विश्वचषकाचा उपान्त्य सामना, ईडन गार्डन्स, १३ मार्च १९९६. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग चालला होता. एक बाद ९८ अशी बरी अवस्था असताना सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाला आणि तिथून पाहता पाहता धावफलक आठ बाद १२०वर आला. प्रेक्षकांतून बाटल्या येऊ लागल्या, बसायच्या जागांना आगी लागल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी दोन्ही संघांना आत नेले, थोड्या वेळाने पुन्हा मैदानावर आणून पाहिले. पुन्हा बाटल्याच आल्या. शेवटी त्यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी तेव्हा दहा धावांवर नाबाद होता. चोवीस वर्षांचा तो तरुण रडत रडत बाहेर आला आणि ते दृश्य सगळ्या देशाने पाहिले.

९५ चेंडूंत १३२ धावा हव्या होत्या आणि हातात दोन गडी होते. सामना गेला होता, हे घराघरांत दूरदर्शनसमोर बसलेल्या शाळकरी पोरांनाही कळत होते. कांबळीलाही ते कळत असणारच. पण तो बाद झालेला नव्हता. हरायचेच असेल तर शेवटच्या चेंडूपर्यंत खेळून हरण्याचा त्याचा हक्क होता, आणि तो हक्क श्रीलंकेच्या कुणी गोलंदाजाने घेतला नाही. आपल्याच माणसांनी घेतला. त्या रात्री ज्यांचा ताबा सुटला ते हजारो लोक प्रेक्षकांत होते. तरी पुढे वर्षानुवर्षे चर्चा झाली ती कांबळीच्या डोळ्यांतल्या पाण्याची. कुणी हळहळले, कुणी ‘नाटकं’ म्हणाले, कुणी मनाने कच्चा ठरवले. बाटल्या फेकणाऱ्यांना मात्र ‘क्रिकेटवेडे’ म्हणून सोडून दिले. ज्याच्या दुःखाने कुणाला खरचटलेही नाही त्याची झडती झाली आणि ज्यांच्या संतापाने सामना बंद पाडला ते गर्दीत विरून गेले.

हरलेल्याने कसे वागावे, हे आपण मुलांना बालवाडीपासून शिकवतो. हरलेल्याशी कसे वागावे, हा धडा कुठल्याच इयत्तेत नाही. मला आज त्या धड्याबद्दल लिहायचे आहे.

तो धडा नसला की काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी मे महिन्यात तिचे वडील वारले होते आणि ती बंगळुरूच्या सराव शिबिरात होती. अखेरच्या दर्शनालाही तिला जाता आले नव्हते. ४ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून २-१ने हरला. त्याच दिवशी हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले आणि संघात दलित मुली असल्यामुळेच हरलो, असे म्हणत तिच्या घरच्यांना जातीवरून शिवीगाळ केली. एका जागतिक स्पर्धेतल्या एका गोलाच्या हारीचे खापर फोडायला या लोकांना जात सापडली. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या आपल्या शहरात बसून ही बातमी वाचताना पोटात खड्डा पडला होता.

आणि वंदना दोनच दिवसांनी पुन्हा मैदानात उतरली. कांस्यपदकाच्या लढतीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेला संघ ३-२ असा पुढे गेला. त्यातला एक गोल वंदनाचा. मग सामना ४-३ असा निसटला. त्या मुली मैदानावरच ढसाढसा रडल्या आणि ब्रिटनच्या खेळाडूंनी त्यांच्याजवळ येऊन त्यांना सावरले. समोरच्या संघाला जे सुचले, ते गल्लीतल्या लोकांना सुचले नव्हते. घरावर येऊन फटाके फोडणाऱ्यांसाठी नंतर पोलीस आले, गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. ते योग्यच झाले. पण हारीनंतर कुणाच्या दाराशी जाऊ नये, एवढी गोष्ट समाजाला पोलिसांनी शिकवावी लागते, याचे दुःख उरतेच.

आता कुणी म्हणेल, रडणे ठीक, पण सगळ्याच भावना मोकळ्या सोडायच्या का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. माझी पाठ टेकलीच नाही, असे शिवराजचे म्हणणे होते. चित्रफीत पुन्हा पाहा, अशी मागणी होती. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडही गुणावरून वाद घालून वेळ संपण्याआधीच आखाड्याबाहेर पडला. दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा झाली.

शिवराज काही नवखा मल्ल नव्हे. २०२३ या एकाच वर्षात पुणे आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आहे. त्याचा राग मला समजतो. पहाटे उठून जोर-बैठका, वर्षानुवर्षांचा खुराक, घरच्यांनी त्यासाठी काढलेली कर्जे, हे सगळे एका शिट्टीवर संपते आणि ती शिट्टी चुकीची आहे असे मल्लाला वाटते, तेव्हा त्याच्या अंगात काय उसळत असेल, ते गॅलरीत बसून कळणार नाही. पण लाथ मान्य होणार नाही. पंच चुकला असेल तरीही नाही. रडणाऱ्याचे दुःख त्याच्याजवळच राहते. मारणारा आपले दुःख दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, आणि पंचही शेवटी कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा असतो. ही रेघ मी पुसट होऊ देणार नाही.

तरीही मला एक विचारायचे आहे. त्या क्षणी शिवराजच्या बाजूने शांतपणे बोलणारे कोण होते? दाद मागायची सोय मल्लाला तिथल्या तिथे विश्वास वाटेल इतकी साधी, सगळ्यांना दिसणारी होती का? आखाड्याभोवतीच्या गर्दीने त्याला आवरले की पेटवले? हरलेल्या माणसाला स्वतःचे भांडण स्वतःच्याच तोंडाने भांडावे लागते तेव्हा त्याचा तोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच दुसऱ्या कुस्तीला उभे राहायला सांगितले गेले. नियमाने विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला तिथे भारताचा एकही पदाधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने खेळले आणि हरले. गोळेश्वरच्या या मल्लाने तिथून कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. त्या दिवशी त्यांच्यासाठी दोन वाक्ये बोलणारा कुणी असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

हरलेल्याजवळ कुणीतरी असणे म्हणजे काय, हे १९९३च्या विम्बल्डनमध्ये जगाने पाहिले. याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध शेवटच्या सेटमध्ये ४-१ने पुढे होती आणि तिथून हरली. बक्षीस घेताना तिला रडू आवरेना. बक्षीस देणाऱ्या डचेस ऑफ केंट यांनी राजघराण्याचा शिष्टाचार बाजूला ठेवून तिला जवळ घेतले, तिचे डोके आपल्या खांद्यावर टेकू दिले. पाच वर्षांनी, १९९८ला, नोव्होत्नाने तेच विजेतेपद जिंकले. त्या मिठीमुळे जिंकली, असे मी म्हणणार नाही. पुढे जिंकली नसती तरी ती मिठी तेवढीच योग्य ठरली असती.

जवळ असणे आणि न्याहाळत राहणे यांत मात्र फरक आहे. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. सलग दहा सामने जिंकून आलेला संघ. मोहम्मद सिराज रडला, रोहित शर्मा भरल्या डोळ्यांनी मैदानाबाहेर गेला. हे मैदानावर घडले. मैदान सगळ्यांचे असते. पण त्यानंतर ड्रेसिंग रूममधल्या सांत्वनाची दृश्येही देशभर फिरली. तिथे कॅमेरा जायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दारापलीकडे गेल्यावर खेळाडूला आपला चेहरा कसा दिसतो याची काळजी करावी लागू नये. सांत्वन करणाऱ्याचा हेतू चांगला असेल, तरी त्याचे चित्रण कशाला?

आणि काही हारी कुणालाच दिसत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळा शर्यत १३.४१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. पॅरिस ऑलिम्पिकच्या थेट प्रवेशाची वेळ होती १३.२७. सेकंदाचे चौदा शतांश राहिले आणि पॅरिसही राहिले. बातमी विक्रमाची छापून आली. पॅरिस हुकल्यावर त्याच्या मनात काय चालले असेल, ते पाहायला तिथे कुठलाच कॅमेरा नव्हता, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्याची आठवण तरी काढली?

शालेय स्पर्धांच्या दिवसांत गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात एकदा जरूर जाऊन बसावे. कबड्डीचा सामना दोन गुणांनी गेलेला असतो. चौदा वर्षांचा मुलगा मॅटच्या कडेला गुडघ्यांत डोके घालून बसलेला, खांदे हलताहेत, गुडघ्यावरच्या ताज्या खरचटीकडे त्याचे लक्षही नाही. त्याच्याशी बोलायला येणारे पहिले माणूस म्हणते, “ऊठ, पोरीसारखा रडतोस काय!” या एका वाक्यात त्या मुलाचा अपमान आहे, आणि पलीकडच्या मैदानावर खो-खो खेळत असलेल्या मुलींचाही. मग मोटारसायकलवर मागे बसून घरी जाताना सिडकोपर्यंत वडिलांची चौकशी: “ती शेवटची चढाई तू केलीसच कशाला? थांबला असतास तर?” पोरगा मागे गप्प. त्याला ते आधीच माहीत असते. तो तीच चढाई मनात पुन्हा पुन्हा करत असतो.

त्या मुलाचे रडणे म्हणजे हट्ट नव्हे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही चढण आहे. वर्षातून एकदाच चढता येते. विभागात हरले की राज्याचे दार वर्षभरासाठी बंद. दहावी-बारावीचे जास्तीचे सवलतीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, हे सगळे त्या दारापलीकडे. कन्नड-सिल्लोडकडच्या खेड्यांतून पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलासाठी हे स्वप्नरंजन नसते, घरचा हिशेब असतो. तो रडतो म्हणजे त्याला किंमत कळली आहे. मला काळजी वाटते ती हरल्यावर ज्याला काहीच वाटत नाही त्याची, आणि त्याहून जास्त, वाटूनही जो हसतमुख राहायला शिकला आहे त्याची.

खिलाडूवृत्ती आणि अश्रू यांचे वैर आहे, ही समजूत कुठून आली कोण जाणे. समोरच्याशी हात मिळवायचा, पंचांना नमस्कार करायचा आणि मग मनसोक्त रडायचे, यात कसली विसंगती? अभिमन्यू गेल्यावर अर्जुनाने शोक केला म्हणून कुणी त्याच्या हातातले गांडीव काढून घेतले नाही.

यंदाच्या हंगामात आपल्याकडच्या एखाद्या संयोजकाने आणि क्रीडाशिक्षकांनी थोडे वेगळे करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. अंतिम सामना संपला की पहिला अर्धा तास हरलेल्या संघाला पाणी, सावली आणि त्यांचे सर किंवा मॅडम, एवढेच मिळावे. पालकांनी दोरीपलीकडे थांबावे, मोबाइल खिशात ठेवावेत. सामन्यात कुठे चुकले याची चर्चा दुसऱ्या दिवशी सरावाला आल्यावर. निर्णयावर आक्षेप असेल तर तो संघाच्या शिक्षकांनी लेखी द्यावा, मुलांना पंचांपुढे उभे करू नये. आणि पाहुण्यांची भाषणे होईपर्यंत उपविजेत्यांना उन्हात ओळीने बसवून ठेवण्याची पद्धत बंद करावी: त्यांचा करंडक सर्वांत आधी द्यावा, टाळ्या वाजवाव्यात आणि ज्यांना गावाकडची एसटी गाठायची आहे त्यांना जाऊ द्यावे.