न केल्याचं फळ

माझे वडील वाईला संस्कृत शिकवायचे. कर्मसिद्धान्त समजावताना ‘अकृताभ्यागम’ हा शब्द त्यांच्या तोंडी हमखास यायचा. न केलेल्या कर्माचं फळ वाट्याला येणं म्हणजे अकृताभ्यागम. असं घडलं तर जगात न्यायच उरणार नाही, म्हणून पूर्वजन्म मानावाच लागतो, असं ते म्हणत. तो शब्द माझ्या मनात रुतला तो टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीकाठच्या स्टार काउंटीत. आहारतज्ज्ञ म्हणून तिथे मी बरीच वर्षं काम केलं.

वस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची. ह्यूस्टनचे संशोधक १९८१ पासून इथल्या मधुमेहाचा अभ्यास करत आले आहेत. सुरुवातीलाच एक आजी मला म्हणाल्या, “मीजा, मला ही साखर सुस्तोने लागली.” मीजा म्हणजे पोरी, सुस्तो म्हणजे अंगात बसलेली धास्ती. नवऱ्याच्या अपघाताची बातमी आली त्या दिवशी रक्त बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. सून म्हणाली, देवाची इच्छा. माझी आई म्हणाली असती, भोग आहेत, दुसरं काय. मी विचारलं, “रोज काय खाता?” आजींचा चेहरा पडला. माझ्या प्रश्नात आरोप होता, हे मला फार उशिरा कळलं.

दैव की पुरुषकार, म्हणजे नशीब की माणसाचा स्वतःचा प्रयत्न, हा आपल्याकडचा जुना वाद. संशोधनातही तो वेगळ्या वेशात भेटतो. मेक्सिको आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून एसएलसी१६ए११ या जनुकाचं मधुमेहाचा धोका वाढवणारं एक रूप शोधलं. ते निअँडरथल माणसाकडून आलेलं, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा वंश असलेल्यांमध्ये सुमारे निम्म्या लोकांत सापडणारं. हे झालं दैव. पण मेक्सिकोतल्या जादा मधुमेहाचा साधारण पाचवा हिस्साच त्याने उलगडतो, असा त्यांचाच अंदाज.

पुरुषकाराचा प्रयोग स्टार काउंटीतच झाला. २५६ मधुमेही, वर्षभरात ५२ तासांचं शिक्षण, सगळं स्पॅनिशमध्ये, गावातल्याच जागांत, सोबत घरचं एखादं माणूस. सहा महिन्यांनी शिकलेल्या गटाचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, शिक्षण न मिळालेल्या गटापेक्षा १.४ने खाली होतं. या माणसांच्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही त्यांची सरासरी दहाच्या वरच, म्हणजे खूप जास्तच, राहिली.

मग उरलेलं कुठून येतं? आजी राहत होत्या ती ‘कोलोनिया’. टेक्ससच्या सीमेवर १९५० च्या दशकापासून अशा वसाहती वाढल्या. ओसाड जमिनीचे तुकडे पाडून गरिबांना हप्त्यांनी विकायचे, अनेक ठिकाणी ना नळ ना गटार. पिण्याचं पाणी विकत आणणाऱ्या घरात दुकानात पाण्याशेजारच्या फळीवरचा गोड सोडा किती सहज येतो, हे मी पाहिलं आहे. हे दैव नव्हे, आजींचा पुरुषकारही नव्हे. ही दुसऱ्याची करणी, आणि तिचं फळ यांच्या रक्तात.

वडील असते तर पूर्वजन्माकडे बोट दाखवलं असतं. मी त्यांच्याशी भांडले असते. कर्त्याचं नाव याच जन्मीच्या जमीनदप्तरात असताना मागच्या जन्मात कशाला शोधायचं? श्राद्धात मुलगा पिंड देतो आणि तृप्ती पितरांना होते, हे त्यांना मान्य होतं. बापाचं ऋण मुलाने फेडावं, हेही. म्हणजे फळ एका देहातून दुसऱ्याकडे जातं, हे आपण मानतोच. मग ज्यांना त्या जमिनींचा नफा वारशाने मिळाला, त्यांच्याकडे आजींच्या साखरेचं ऋण का जाऊ नये? मला तरी तो प्रश्न टाळता येत नाही.

पुढच्या भेटीत मी जेवणाचं विचारलंच नाही. “पाणी कुठून आणता?” म्हटलं. आजींनी खुर्ची पुढे ओढली. त्यानंतरच्या खेपेला त्या प्लास्टिकच्या पिशवीतून प्लॉटच्या विक्रीचा करार घेऊन आल्या. त्यात लांबी-रुंदी होती, हप्त्यांच्या तारखा होत्या, हप्ता चुकला तर काय, तेही होतं. नळाबद्दल एक अक्षर नव्हतं.