हाताने केलेले, पण कोणाच्या?

दागिन्याचे मोल कशावरून ठरते? सोन्याच्या वजनावरून, खड्याच्या तेजावरून, की तो घडवणाऱ्या हातांवरून? आपल्या आज्यांच्या काळी या प्रश्नाचे उत्तर सोनाराचा तराजू देत असे. आज अमेरिकेत नोकरीतून मोकळ्या झालेल्या कितीतरी स्त्रिया घरच्या घरी तार वळवून खड्यांचे दागिने करतात आणि विकतात. मीही त्यांतलीच एक. या दागिन्यांत सोने असलेच तर नावापुरते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते 'हाताने केलेले' या दोन शब्दांसाठी. तेव्हा हे शब्द उच्चारणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार झाला पाहिजे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. याला भट्टी लागत नाही आणि झाळकामही नसते. वीस गेजची जरा जाड तार खड्याभोवती फिरवून चौकट करायची आणि सव्वीस-अठ्ठावीस गेजच्या बारीक तारेचे वेढे देऊन ती बांधायची. गोल तोंडाची एक पक्कड, एक चपटी पक्कड आणि तार कापायचा कटर, एवढीच अवजारे. खड्याला भोक पाडावे लागत नाही. तारच त्याला धरून ठेवते. ही कला जुनी आहे. आपल्या तोरेत, शेमोथच्या ग्रंथात, एफोदासाठी सोन्याचे पातळ पत्रे ठोकून त्यांच्या तारा कापल्याचे वर्णन आहे. त्याच ग्रंथात बसालेलच्या अंगची कला सांगताना रत्ने कोरण्याचे कामही गणले आहे. दगड घासणाऱ्याचे काम तिथे हलके मानलेले नाही. आपण मात्र ते हलके मानतो, किंवा त्याचा विचारच करीत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे दागिन्यांविषयी मार्गदर्शक नियम आहेत. त्यांप्रमाणे कच्च्या मालापासून शेवटच्या सफाईपर्यंत सर्व घडण हाताने झाली असेल, तरच वस्तूला 'हाताने केलेली' म्हणावे. तार ही त्यांच्या दृष्टीने कच्चा मालच आहे, त्यामुळे तारेपुरते आमचे मन स्वच्छ. खड्याचा रंग टिकाऊ नसेल, किंवा प्रक्रियेमुळे त्याच्या किमतीत मोठा फरक पडत असेल, तर ते गिऱ्हाइकाला सांगावे असेही हे नियम म्हणतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु या नियमांना काळजी आहे ती विकत घेणाऱ्याची. खडा ज्याने घासला, त्याच्याविषयी काही सांगण्याचे बंधन त्यांत नाही. तो भाग आपल्या विवेकावर सोडलेला आहे.

आता तो खडा कोठून येतो ते पाहू. आमच्या कामात अकीक फार वापरतात, कारण तो स्वस्त, टणक आणि अनेक रंगांचा. हिंदुस्थानातला बराचसा अकीक गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूला निघतो आणि खंभातला घडतो. हा धंदा आजकालचा नव्हे. खंभातच्या आखातालगत लोथल येथे चार हजार वर्षांपूर्वीचा मणी करण्याचा कारखाना उत्खननात सापडला आहे. दगड उन्हात वाळवतात, मातीच्या भांड्यात भाजतात, आणि त्यातले लोह तापून तांबडा रंग चढतो. मग शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने टवके काढून त्याला आकार देतात आणि फिरत्या चाकावर घासतात.

या घासण्यापाशी माझ्यातली परिचारिका जागी होते. अकीक म्हणजे सिलिका. कोरड्या चाकावर तो घासला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाते. तिथल्या रक्षक पेशी तिला गिळायला जातात आणि मरतात. त्यांच्या जागी व्रण धरतो. वर्षानुवर्षे व्रणावर व्रण साठत जातो आणि फुप्फुस चामड्यासारखे ताठ होते. याला सिलिकोसिस म्हणतात. हा रोग बरा करणारे औषध नाही, आणि अशा छातीत क्षयही चटकन घर करतो. खंभातच्या अकीक कामगारांत हा रोग डॉक्टरांनी अनेकदा नोंदला आहे. काम घरोघरी चालत असल्याने शेजारपाजारच्या बायकामुलांच्या नाकातही ती धूळ जाते. मुंबईत माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात छातीच्या वॉर्डात दगडाच्या धुळीचे रोगी होते. पाठ टेकून झोपणे त्यांना जमत नसे. रात्रभर उशा मांडीवर घेऊन, पुढे वाकून बसायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माणसे, पण एक वाक्य पुरे बोलताना दोनदा थांबायची.

हे दुखणे फक्त गरीब देशांचे आहे असे कोणी समजू नये. पश्चिम व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा खणताना १९३० आणि १९३१ साली शेकडो मजूर याच धुळीने गेले. त्यांतले बहुसंख्य काळे होते. अलीकडे स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी कृत्रिम दगड कापणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या तरुण मजुरांत हा रोग आढळला. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली.

कोणी म्हणेल, "बाई, तुम्ही तो मणी घासला नाहीत, कोणाला घासायला लावलाही नाहीत. तुम्ही खंभातपासून हजारो मैल दूर. तुमचा काय दोष?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला देवारीमच्या ग्रंथातला एक नियम आठवतो. रानात एखादा माणूस मारलेला आढळला आणि मारणारा माहीत नसला, तर त्या जागेपासून आसपासच्या गावांचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडीलधाऱ्यांनी पुढे येऊन हात धुवायचे आणि आमच्या हातून हे घडले नाही असे जाहीर करायचे. त्यांच्यावर खुनाचा आरोप नव्हता. तरी त्यांना घरी बसून राहण्याची मुभा नव्हती. अंतर मोजणे, जागेवर जाणे आणि उघडपणे बोलणे हे त्यांचे कर्तव्यच होते.

मैलांनी मोजले तर मी दूर आहे. परंतु व्यापाराने मोजले तर त्याच्या हातातून मणी सुटतो, दोन-तीन दलालांच्या हातून जातो, आणि माझ्या मेजावर येतो. इतकी जवळ कदाचित त्याची सरकारकचेरीही नसेल. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावच्या गिऱ्हाइकाला तेल काढणारा ठाऊक असे. तो आजारी पडला तर तेही कळे. आज वस्तू लांबून येते आणि वाटेत माणूस गळून पडतो. मग 'हाताने केलेले' म्हणताना आपण शेवटचा हात तेवढा दाखवतो आणि पहिला झाकतो.

मग अकीक घेणेच सोडावे काय? मला तसे वाटत नाही. आम्ही घेणे बंद केले तर घासणाऱ्याची छाती सुधारणार नाही, चूल मात्र विझेल. पाण्याची धार सोडून घासले किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र बसवले, तर धूळ पुष्कळ कमी होते. त्याला पैसा लागतो, आणि तो मण्याच्या किमतीतूनच यायला हवा. म्हणून विकणाऱ्याला विचारावे: हे कोठे घासले, ओले की कोरडे? पुष्कळांना उत्तर देता येत नाही. ज्याला येते, त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घ्यावे. इथे सुपीरिअर सरोवराच्या काठी चांगला अकीक मिळतो. तो पाण्याखाली कापून देणारे कारागीरही आहेत.

मी माझ्या दागिन्यासोबत एक लहान चिठ्ठी देते: दगड अकीक, रंग भाजून आलेला, घासणी खंभातची, तार माझी. ही चिठ्ठी वाचून काही गिऱ्हाइके हार खाली ठेवतात. काही विचारतात, खंभात कोठे आहे? या विचारण्याने रोग जाणार नाही, हे मला परिचारिका म्हणून पक्के ठाऊक आहे. परंतु ज्या माणसाविषयी कोणी विचारीतच नाही, त्याच्यासाठी कोणी पाण्याची धारही सोडीत नाही. निदान विचारण्याइतके तरी आपण त्याच्या जवळ आहोत.