दाखविणारा माणूस

दुसऱ्याचे दुःख दाखवून पोट भरणाऱ्या माणसासमोर माझे मन थोडे अवघडते. अंदमानचा सेल्युलर जेल पाहायला गेलो तेव्हाही तसेच झाले. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, पण तुरुंग तोच आहे. आमचा गाइड पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, बोलायला मृदू. १८९६ मध्ये सुरू झालेले बांधकाम १९०६ मध्ये पुरे झाले, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या आणि त्यांतल्या तीनच आज उरल्या आहेत, असे त्याने सांगितले. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. हेतू हा की कैद्याला कैद्याचे तोंड दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव सावरकर हे सख्खे भाऊ याच भिंतींआड होते. मग कोलूपाशी नेऊन, बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड तेल कसे काढून घेत, आणि बॅरी नावाचा जेलर कसा दरारा गाजवी, ते सांगताना त्याचा आवाज दाटला. आमच्या मंडळींचे पदर डोळ्यांना लागले.

पाय दुखले म्हणून मी तिथेच सावलीत बसलो. थोड्या वेळाने तो दुसरी मंडळी घेऊन आला. त्याच कोलूपाशी, त्याच वाक्याला, त्याचा आवाज पुन्हा तेवढाच दाटला.

क्षणभर मला फसवल्यासारखे झाले. पण मग वाटले, आपल्या देवळातला कीर्तनकार हरिश्चंद्राख्यानात दर वर्षी त्याच ठिकाणी गहिवरतो. त्याला आपण कुठे ढोंगी म्हणतो? सांगण्याचा हा धर्मच आहे की काल सांगितलेले आज नव्याने सांगावे. पाठ झाले म्हणून ते खोटे होत नाही. मग या माणसाचा खरेपणा पारखायचा कुठे?

ती जागा एका मुलाने दाखवली. नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याने विचारले, "मारणारे सगळे गोरेच होते का?"

गाइड थांबला. त्याच्या पाठांतरात हे नसावे. मग म्हणाला, "नाही बेटा. वरचे साहेब गोरे. पण कोलूपाशी उभे राहून शिव्या देणारे, मारणारे बहुतेक आपलेच. तेही कैदीच होते. बढती मिळून पहारेकरी झालेले."

या वेळी आवाज दाटला नाही. कुणी पदर डोळ्यांना लावला नाही. मुलाचे वडील म्हणाले, "चल, पुढे खूप पाहायचंय." पण मुलगा हलेना, आणि गाइडही हलला नाही. त्याने पुढचेही सांगितले. १९४२ मध्ये जपानी आले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी याच गावात तिरंगा फडकवला. आणि त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, याच तुरुंगात कोंडलेल्या ४४ हिंदी माणसांना होम्फ्रेगंजला नेऊन जपान्यांनी हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. मंडळी चुळबुळू लागली. दुःख ऐकायला ती आली होती. पण ते दुःख दुसऱ्याने दिलेले आणि आपल्याला अभिमान वाटेल असे असावे, एवढीच तिची अट होती.

अशी अट श्रोत्यांनी घातल्यावर ती मोडणे सोपे नाही. बक्षिसी तेच देणार असतात. मला वाटते, या व्यवसायाची नीती ओल्या डोळ्यांत नाही. ज्या जागी ऐकणाऱ्यांचीच माणसे गोष्टीत शिरतात, तिथे सांगणारा पाय उचलतो की थांबतो, यात ती आहे.

हे मी त्या गाइडविषयी म्हणत होतो. यंदा दिवाळीला नातवंडे गावच्या वाड्यात जमली, तेव्हा ते माझ्यावरच उलटले. मी त्यांना वाडा दाखवीत होतो. हे देवघर, हे बळद, हा झोपाळा, ही पणजोबांची तसबीर. माजघरामागच्या काळोख्या खोलीपाशी आलो आणि माझे पाय आपोआप पुढे पडले. त्या खोलीत माझ्या वडिलांची आत्या राहत असे. दहाव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली, घरात मंगलकार्य असले की पुढे न येणारी. तिला तिथे ठेवणारा कुणी बॅरी नव्हता. ज्यांच्या तसबिरीला मी सकाळीच झेंडूचा हार घातला होता, ते तिचे वडील होते.

मी मागे फिरलो आणि दाराची कडी काढली. "इथं माझ्या वडिलांची आत्या राहायची," मी म्हणालो.

"एकटीच?" धाकटीने विचारले.

"हो," मी म्हणालो, आणि उंबऱ्यावर बसून सांगायला लागलो.