आहेराची वही



लग्नाचा मांडव उतरला की दुसऱ्या दिवशी घरात आहेराची वही उघडली जाते. कोणी टॉवेल-टोपी केली, कोणी साडी नेसवली, कोणाच्या पाकिटात किती निघाले, सगळे वाचले जाते. “त्यांच्या थोरलीच्या लग्नात आपण 501 दिले होते, त्यांनी 251 वरच भागवले,” असे कोणीतरी म्हणतेच. या वहीला नावे ठेवण्याचे कारण नाही. गरिबाघरचे लग्न अशा आहेरावरच पार पडते, आणि घेतलेले फेडावे यात प्रामाणिकपणाच आहे. मात्र हे उसने झाले, दान नव्हे.

जेवण घालायचे तर भाऊबंदांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना नको, ज्यांना परत बोलावणे जमणारच नाही अशांना बोलवा, असे प्रभू येशूने आपल्या यजमानाला सांगितले (लूक 14:12-14). पण नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी त्याची फेड होईल, असेही प्रभू तेथेच सांगतो. मग हाही आहेरच झाला ना? वही तेवढी स्वर्गात ठेवलेली! खरे सांगायचे तर दानपेटीत नोट टाकताना आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असा हिशेब असतो.

आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांना खुले केले. (धान्य त्यांचे नव्हते, असे कोणी म्हणेल, पण जीव त्यांचाच धोक्यात होता.) पुढे विठोबाने स्वतः बीदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले, असे परंपरा सांगते. कीर्तनात ही पावतीची गोष्टच जास्त रंगते. पण कोठाराचे कुलूप काढले तेव्हा दामाजीपंतांना त्या पावतीची काहीच कल्पना नव्हती.

मत्तयाच्या 25 व्या अध्यायातले नीतिमान असेच आहेत. राजा त्यांचा गौरव करतो तेव्हा ते गोंधळतात. आपण त्याला कधी जेवू घातले हेच त्यांना आठवत नाही. देव देतो, पण त्यांनी वहीच ठेवलेली नव्हती.

आणि फेड काही पैशाचीच नसते. ज्याला मदत केली त्याने वाटेत नमस्कार करावा, निदान एकदा मिस्साला यावे, असे वाटतेच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या नाताळदिनी सही केलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच नाकारले. प्रीती विनामूल्य असते, तिच्या आडून दुसरे काही साधायचे नसते, असे त्यांनी शिकवले.

नाताळात आपण शेजारी करंज्यांचे ताट पाठवतो. रिकामे ताट परत करू नये म्हणून तेही त्यात काहीतरी घालून देतात. त्याच दिवसांत आपल्या तालुक्यात ऊसतोड चालू असते आणि बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या शिवारात पडलेल्या असतात. हंगाम संपला की ती माणसे निघून जातात. तिकडे पाठवलेले ताट परत आलेच, तर धुऊन, रिकामे येईल.