शब्द पाहावा की बोलणारा?



आपल्या सभांमध्ये एक गोष्ट नेहमी घडते. मागच्या बाकावरचा कोणीतरी एक सूचना करतो. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. थोड्या वेळाने तीच सूचना एखादी मानाची व्यक्ती करते आणि सगळे माना डोलावतात. शब्द तेच, बोलणारा वेगळा! विज्ञानाच्या जगातही असे घडले आहे.

सूर्य हा तप्त वायूचा गोळा आहे. त्या उष्णतेमुळे अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणून त्या वायूतून वीज सहज वाहते. सूर्यावरील डागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते, हे जॉर्ज हेल यांनी १९०८ साली दाखवून दिले होते. असा वायू आणि असे क्षेत्र एकत्र आले तर काय होईल? स्वीडनचे प्राध्यापक हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली उत्तर दिले. चुंबकीय रेषा व्हायोलिनच्या ताणलेल्या तारांसारख्या वागतील. वायू हलला की त्याही वाकतील, ताणामुळे पुन्हा सरळ होऊ पाहतील आणि तारेवरून कंप जावा तशी लाट त्यांच्यावरून धावत जाईल.

हे कोणाला पटेना. वीज वाहून नेणाऱ्या पदार्थात विद्युतचुंबकीय लहर फार आत शिरत नाही, असेच सर्वजण शिकले होते. अशी लाट असती तर ती थोर मॅक्सवेल यांनीच शोधली असती, असेही आल्फव्हेन यांना ऐकावे लागले. शिवाय ते विद्युतशास्त्राचे प्राध्यापक, खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने बाहेरचे.

१९४८ साली शिकागो विद्यापीठात त्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत विख्यात शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी होते. त्यांनी ऐकून घेतले आणि होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सारे भौतिकशास्त्रज्ञ मान हलवू लागले, असे सांगतात. १९७० साली आल्फव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सहा वर्षांत गणित बदलले नव्हते. बदलली ती एका मोठ्या माणसाची मान.

मग मोठ्यांवर विश्वास ठेवूच नये काय? तसे नाही. प्रत्येक गोष्ट आपण स्वतः तपासू शकत नाही. आजारी पडल्यावर डॉक्टरांचे ऐकावेच लागते. पण फर्मी आणि इतरांत एक फरक होता. फर्मी यांनी विचार करून मान हलवली, इतरांनी फर्मी यांच्याकडे पाहून. पहिल्याला विवेक म्हणतात. दुसरा पुष्कळदा आळस असतो, आणि त्या आळसाची किंमत मागच्या बाकावरचा माणूस मोजतो.

ही चूक ज्याला सोसावी लागली, त्याच्याही हातून ती होऊ शकते. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला आरंभ होता, हा विचार बेल्जियमचे धर्मगुरू फादर जॉर्ज लमेत्र यांनी मांडला. आल्फव्हेन यांनी तो अखेरपर्यंत नाकारला. त्यात धर्मकल्पना शिरली आहे, असा त्यांना संशय होता. १९६५ साली विश्वाच्या त्या तप्त आरंभाचे अवशेष असलेले प्रारण सापडले, तरी त्यांचे मत बदलले नाही. एकदा आपण बरोबर ठरलो, म्हणून दरवेळी बरोबर ठरतोच असे नाही.

आणि लमेत्र? १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या विज्ञानाचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला. एखाद्या धर्मगुरूला याहून मोठा पाठिंबा कोणता? पण लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत पुराव्यावर उभा राहावा किंवा पडावा, अशी त्यांची भूमिका होती. मोठ्यांचा होकार नम्रपणे बाजूला ठेवायलाही धैर्य लागते.

पुढच्या सभेत कोणी दबक्या आवाजात काही सांगू लागला, तर पुढच्या बाकाकडे पाहण्याआधी आपण त्याचे वाक्य पूर्ण ऐकू या काय? आणि ज्यांच्या मानेकडे इतरांचे डोळे लागलेले असतात, त्यांनी तर आधी ऐकावे, मगच ती हलवावी.